प्रश्नाच्या शेवटचा ‘ना’

तासगाव तालुक्यातल्या एका गावच्या तरुण मंडळाच्या कार्यकर्त्याने विचारलं आहे: “गेल्या दहा महिन्यांत आमच्या गावात दोन आत्महत्या झाल्या. एक द्राक्षबागायतदार, एक बारावीतली मुलगी. १० सप्टेंबरला आत्महत्या प्रतिबंध दिनी शाळेच्या मैदानावर मोठा कार्यक्रम घ्यायचा विचार आहे. वक्ते कोण बोलवावेत? गावकऱ्यांना काय प्रशिक्षण द्यावं? काही जाणती माणसं म्हणतात, असलं उघड बोललं की पोरांच्या डोक्यात नसलेलं येतं. हे खरं का? शेतकऱ्यांना औषधं ठेवायला कुलपाच्या पेट्या वाटाव्यात असंही कुणीतरी सुचवलंय. आणि प्रशिक्षण घेणाऱ्यांना प्रमाणपत्र द्यावं का?”

आधी तारखेचं बोलते. १० सप्टेंबर हा दिवस २००३ पासून जगभर पाळतात, चांगलंच आहे. पण तुमच्याकडे तेव्हा द्राक्षबागांच्या आगाप, म्हणजे लवकरच्या, छाटण्यांची घाई असते आणि बऱ्याचदा गणपतीही त्याच सुमारास येतात. मैदानावर येणार कोण? शाळेची मुलं रांगेने आणून बसवली जातील, अंगणवाडीच्या ताई येतील, पुढारी हारापुरते येतील. ज्या माणसापर्यंत तुम्हाला पोचायचंय तो बागेत असेल, नाहीतर घरात पांघरूण ओढून पडलेला असेल. वक्ता कितीही नावाजलेला आणा, फरक पडणार नाही. मैदान सोडा. वीस-पंचवीस माणसं, एक खोली, खाली सतरंजी आणि दोन वेळा अर्धा-अर्धा दिवस. एवढं जमवलंत तर पुढचं वाचा.

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, मिरजेत राहते, सांगली आणि साताऱ्याच्या गावांमधून सतरा वर्षं हे प्रशिक्षण घेते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी ते चुकीचं घेत होते. माण तालुक्याच्या बाजूला एका गावात, सभागृहात दीडशे बायका. मी पडद्यावर लक्षणांची यादी लावली होती: झोप उडणं, भूक मरणं, माणसांतून उठणं, वस्तू वाटून टाकणं, निरवानिरवीची भाषा. टाळ्या, नारळ, फोटो. चार महिन्यांनी त्याच गावच्या एक आशाताई मला एसटी स्टँडवर भेटल्या. म्हणाल्या, “मॅडम, तुमची यादी मला पाठ हुती. ती बाई माझ्यासमोर बसली हुती आणि यादीतलं सगळं तिच्यात दिसत हुतं. पण विचारायचं कसं, ते तुम्ही सांगितलंच न्हाई. मी चहा पिऊन उठून आले.”

ती बाई वाचली. माझ्या प्रशिक्षणामुळे नाही, शेजारणीमुळे.

तेव्हापासून मी यादी दहा मिनिटांत उरकते. खरं सांगायचं तर गावातल्या माणसाला ओळखायला शिकवावं लागत नाही. कोण उतरलाय, कुणाचं घरात बिनसलंय, कोण सकाळीच पिऊन बसतोय, हे सगळं पारावर ठाऊक असतं. अडतं ते विचारण्यापाशी. म्हणून माझ्या प्रशिक्षणातला निम्म्याहून जास्त वेळ एकच प्रश्न मोठ्याने म्हणायला लावण्यात जातो. ऐकून हसू येईल, पण पंचवीस माणसांतल्या विसांना तो पहिल्या खेपेला म्हणता येत नाही.

मागच्या वर्षी वाळवा तालुक्यात असंच बसलो होतो. एका तरुणाने बागायतदाराची भूमिका घेतली: व्यापारी माल घेऊन गेला, पैसे बुडवले, फोन बंद. समोर दूध संस्थेचे सचिव, पंचावन्नच्या पुढचे, बोलके, सगळ्यांना नावाने ओळखणारे. त्यांनी विचारायचं होतं.

पहिली खेप: “काय रं, बरं हाय न्हवं? असलं काय येड्यागत डोक्यात आणत न्हाईस ना?”

पोरगा म्हणाला, “न्हाई ओ अण्णा.” संपलं.

मी खोलीला विचारलं, अण्णांनी त्याला दुसरं काही म्हणायला जागा ठेवली होती का? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बचत गटाच्या एक ताई म्हणाल्या, “त्यो ना काढा की तेवढा.” मला हवं होतं ते त्यांनी नेमकं पकडलं. ‘जेवलास ना?’, ‘पोचलास ना?’, ‘असं काही करणार नाहीस ना?’ हा ‘ना’ आपण कधी लावतो? उत्तर आपणच ठरवलेलं असतं आणि समोरच्याने फक्त मान हलवायची असते तेव्हा. ज्याला जीव नकोसा झालाय त्याला त्या ‘ना’मधून एवढंच ऐकू येतं की या माणसाला खरं उत्तर झेपणार नाही. मग तो आपली सुटका करतो आणि म्हणतो, “नाही.” शिवाय ‘येड्यागत’ हा शब्द वेगळाच. विचारायच्या आधीच निकाल लावून टाकला.

दुसरी खेप. ‘ना’ गेला, पण त्या जागी उपदेश आला: “दोन लेकरं हायती तुला. म्हाताऱ्या आईकडं बघ जरा.” प्रेमाने म्हटलेलं आहे, मी नाकारत नाही. पण असा माणूस आधीच मनात धरून बसलेला असतो की आपण घराला ओझं झालोय, आपल्यावाचून त्यांचं बरं चालेल. लेकरांची आठवण करून दिली की त्याला वाटतं, बघा, त्यांच्यासाठीही मी नालायकच. हे सांगितल्यावर अण्णा जरा वरमले.

तिसऱ्या खेपेला त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खाली बघत म्हणाले, “येवढं सगळं अंगावर आलं की माणसाला वाटतं, मरून जावं. तुला वाटतंय का तसं?” आणि गप्प बसले. पोराचा अभिनयच चालला होता, तरी तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “कधीकधी वाटतं.” खोलीत पंखा तेवढा वाजत होता. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “आता काय करू?”

प्रशिक्षणाचा दुसरा भाग तिथून सुरू होतो. त्याच्याकडे येते, पण आधी तुमच्या जाणत्या माणसांचा प्रश्न.

विचारल्याने डोक्यात येतं का? येत नाही. हे तपासून पाहिलेलं आहे. २००५ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात सहा हायस्कूलमधल्या दोन हजारांहून अधिक मुलांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना ते प्रश्न वगळून बाकीचे विचारले. दोन दिवसांनी पुन्हा बघितलं तर विचारलेल्या मुलांत तसे विचार वाढलेले नव्हते, आणि जी मुलं आधीच खचलेली होती त्यांचा त्रास उलट थोडा कमीच होता. नंतरच्या अभ्यासांतूनही हेच दिसत आलंय.

पण तुमची जाणती माणसं अर्धी बरोबर आहेत. एकट्याला शांतपणे विचारणं वेगळं आणि चौकात गाजवणं वेगळं. कुणी कसं केलं याचं वर्णन, शेवटच्या चिठ्ठीचे फोटो ग्रुपवर फिरवणं, त्या मुलीच्या फोटोवर फुलं आणि गाणं टाकून ठेवलेले स्टेटस, चौकात वीस फुटी फ्लेक्स, भाषणात ‘बलिदान’ असले शब्द: हे आधीच काठावर असलेल्या दुसऱ्या पोराला पुढे ढकलू शकतं. भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये वर्तमानपत्रांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर याच गोष्टींची पथ्यं घालून दिली. गावचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे आज गावचं वर्तमानपत्रच, पथ्यं त्यालाही लागू. ग्रुपचा अॅडमिन तुमच्या पंचविसांत असायलाच हवा. दुखवटा जरूर करा, सगळ्यांसाठी करता तसाच करा. कमी नको आणि जास्तही नको.

आता ‘हो’ आल्यानंतर. हादरून जायचं नाही, निदान चेहऱ्यावर दाखवायचं नाही. “बरं झालं सांगितलंस” एवढं म्हणायचं आणि बसून राहायचं. मग हळूहळू विचारायचं: कधीपासून असं वाटतंय, आजही वाटतंय का, कसं करायचं असं काही मनात ठरवलंय का, त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का, पूर्वी कधी असा प्रयत्न झालाय का. हे सगळं विचारायचं कारण उत्तरांवरून घाई किती आहे ते कळतं. नुसतं ‘नको झालंय’ आणि ‘आज रात्री’ यात फार अंतर आहे. ठरवलेलं असेल, साधन हाताशी असेल, तर त्याला एकटं सोडायचं नाही. त्याच्याच समोर, त्याला सांगून, त्याच्या विश्वासाच्या घरच्या माणसाला फोन करायचा, धोक्याची वस्तू दुसऱ्याने घराबाहेर न्यायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. काही करून झालं असेल तर घरगुती उपाय नकोत, वाट बघणं नको, १०८ किंवा जी गाडी दारात असेल ती. एवढी घाई नसेल तेव्हा १४४१६ हा टेली मानसचा नंबर. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं.

शब्दांची एक गंमत सांगते, म्हणजे गंमत नाही खरं तर. आपल्या भागात फवारणीच्या रसायनाला ‘औषध’च म्हणतात. बाहेरून आलेली एक नवखी प्रशिक्षक “यापूर्वी औषध घेतलं होतं का?” असं विचारत होती, तिला गोळ्या-उपचार म्हणायचे होते. समोरची बाई पांढरीफटक. म्हणून प्रशिक्षण देणारा माणूस शक्यतो याच बोलीत वाढलेला बघा. ‘आत्महत्या’ हा शब्द तोंडात येत नसेल तर ‘जिवाचं बरंवाईट’, ‘मरून जावंसं’ चालेल. पण ‘तसलं काही’ चालणार नाही. ‘तसलं’मध्ये काहीही मावतं.

कुणाला बसवायचं? पदं बघून यादी केलीत की फसलात. सकाळ-संध्याकाळ ज्याच्यासमोर अख्खं गाव येतं तो बघा. दूध संस्थेत कोण दोन दिवस आला नाही ते कळतं. पतसंस्थेचा पिग्मीवाला, याला मी सगळ्यांत वर ठेवते. दुकानदाराची रोजची पन्नासाची भर बंद झाली की घरात कळायच्या आधी त्याला कळतं. न्हावी. कृषी सेवा केंद्रवाला, कारण हंगाम नसताना, उधारीवर, उतरलेल्या चेहऱ्याने एकटा आलेला माणूस त्याच्याच काउंटरवर उभा असतो. श्रीलंकेत अशा दुकानदारांना मुद्दाम प्रशिक्षण देऊन पाहिलं गेलंय. आशाताई आणि उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी हव्यातच. बचत गटाच्या अध्यक्षांना बोलवा, पण जपून: फायनान्सचा हप्ता वसूल करायला दारात बसणारीही कधीकधी तीच असते. मग तिला कोण मनातलं सांगेल? खानापूर-आटपाडीकडे असाल तर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी पुरुष दूरच्या गावी असतात, मागे बायका आणि म्हातारी माणसं. तिथे यादी पुन्हा वेगळी होते.

गावातली साधी माणसं हे करू शकतात का, अशी शंका डॉक्टरही काढतात. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला, गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या जिवावर. त्याआधी नैराश्य असलेल्या शंभर माणसांतली जेमतेम चार उपचारापर्यंत पोचत होती, नंतर सत्तावीस. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. डॉक्टर तेवढेच होते, दारापर्यंत जाणारी माणसं वाढली.

आणि हे फक्त शेतकऱ्यांचं दुखणं आहे हा समज पहिल्या तासातच काढून टाका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. शेतकरी आणि शेतमजूर मिळून देशभरात ११,२९०. रोजंदारीवरची माणसं एकूण आकड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. कारणांत कौटुंबिक ताण आणि आजारपण हे दोन मिळून निम्म्याच्या आसपास. हे आकडे पोलिसांच्या नोंदीतले, आणि ‘कारण’ या रकान्यात एकच खूण होते. माणूस एका कारणाने मरत नाही. कर्ज असतं, त्याच्याखाली दारू, दारूखाली कधी न बघितलेलं नैराश्य, आणि वर भाऊबंदकीतला एखादा शब्द. गावात घटना झाली की आपण संध्याकाळपर्यंत एक कारण ठरवून मोकळे होतो. मुलगी असेल तर काय ठरवतो ते तुम्हाला मी सांगायला नको. ते कारण तिच्या आईला उरलेला जन्मभर ऐकावं लागतं.

दारूसाठी वेगळी वाट आधीच शोधून ठेवा. साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्था व्यसनमुक्तीचं काम अनेक वर्षं करते आहे. सांगलीकडे सिव्हिलचा मानसोपचार विभाग आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक यांना विचारा.

वाटेवरून आठवलं, हे प्रशिक्षणाच्या आधी करायचं काम आहे, नंतर नाही. एकदा आमच्या एका चांगल्या पिग्मीवाल्याने एका माणसाला तीन आठवडे मागे लागून तयार केलं, स्वतःच्या गाडीवर बसवून तालुक्याच्या एका सरकारी दवाखान्यात नेलं. त्या दिवशी मानसोपचाराची ओपीडीच नव्हती. केसपेपर काढणाऱ्याने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, “काय होतंय?” तो माणूस परत फिरला तो पुन्हा तयार झाला नाही. पुढे तो सावरला, पण स्वतःच्या हिकमतीवर. चूक आमची होती, वार न बघता पाठवलं. म्हणून जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी मानसोपचाराचे डॉक्टर असतात, कोणत्या नंबरच्या खोलीत, कोणत्या सिस्टरना आधी फोन केला तर रांगेत उभं राहावं लागणार नाही, हे एका कागदावर लिहा. आणि १४४१६ ला स्वतः एकदा फोन लावून बघा. पलीकडे कोण उचलतं, काय विचारतं, हे अनुभवलेला माणूस दुसऱ्याला पटकन नंबर लावून देतो.

पेट्यांचं. मन मोडावं लागतंय, पण ऐका. श्रीलंकेत १८० गावांत, पन्नास हजारांहून जास्त घरांत कुलपाच्या पेट्या वाटून तुलना केली गेली. २०१७ मध्ये निकाल आला: विषबाधेच्या घटनांत फरक दिसला नाही. पेटीची किल्ली घरातच असते, कधी पेटी उघडीच राहते. याच श्रीलंकेत आत्महत्यांचं प्रमाण फार मोठ्या प्रमाणात उतरलं ते सरकारने सर्वांत घातक कीडनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली म्हणून. ते तुमच्या मंडळाच्या हातात नाही. तुमच्या हातातली गोष्ट लहान आहे: ज्या घरात आज धोका आहे, त्या घरातून ती वस्तू आज रात्री बाहेर. भावाच्या वस्तीवर, शेडवर, कुठेही, पण त्या माणसाला किल्ली आणि जागा ठाऊक नको. बऱ्याच जणांच्या बाबतीत ती अनावर ओढ काही तासांची, कधी काही मिनिटांचीच असते. ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसणं यातच अर्धं काम होतं. आणि त्यातून वाचलेली बहुतेक माणसं पुढे आत्महत्येने मरत नाहीत. तमिळनाडूत दोन गावांत सगळ्यांची कीडनाशकं एका सामायिक जागी, कुलूपबंद कप्प्यांत ठेवण्याचा प्रयोग झालाय, तो लोकांनी स्वीकारला असं दिसलं. सोसायटीच्या गोदामात तसं करता येईल का, याचा विचार पेट्यांच्या खर्चाआधी करा. द्राक्षपट्ट्यात छाटणीनंतर फवारण्यांचा मारा असतो, रोज कोण गोदामापर्यंत जाईल, ही अडचण मला दिसते. तुमचे बागायतदारच सांगतील.

शाळेचं थोडक्यात, कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांत, ११,११० मुलांवर तीन पद्धती तपासल्या. फक्त शिक्षकांना ओळखायला शिकवण्याचा वेगळा फायदा दिसला नाही. मुलांनाच स्वतःच्या मनाबद्दल, ताणाबद्दल, मित्र अडचणीत असेल तर काय करायचं याबद्दल भूमिका करून शिकवलं, तिथे वर्षभरात आत्महत्येचे प्रयत्न जवळपास निम्मे झाले. बारावीच्या मुलीची जी वर्गमैत्रीण तिच्या शेजारी बसत होती, तिला आज काहीतरी ठाऊक आहे आणि ते ती कुणाला सांगत नाहीये. तिच्याकडे कुणीतरी गेलं पाहिजे. भाषण करायला नको, डबा खायला.

कायद्याची भीती गावात फार असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं २२६ कलम आहे. दवाखान्यात पोलिसांची नोंद होते, जबाब घेतात, त्याला घाबरून कुणी गाडी वळवू नये. हे पोलीस पाटलांच्या तोंडून सांगितलं तर माझ्यापेक्षा लवकर पटतं.

आता ज्याला कुणी महत्त्व देत नाही ते: पुन्हा जाणं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यात आपलं चेन्नईही होतं, प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ माणसांचा अभ्यास केला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याशिवाय एक तासभर समजावणं आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. शेवटी पहिल्या गटात आत्महत्येने गेलेले २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२. नऊ भेटी! गावात लग्नाची पत्रिका वाटायला आपण याहून जास्त फेऱ्या मारतो. म्हणून माझ्या प्रशिक्षणात प्रत्येक जण खिशातल्या वहीत पुढच्या भेटीची तारीख लिहूनच उठतो. “येतो मग कधीतरी” हे वाक्य मी बंद केलंय. “गुरुवारी दुधाच्या वेळेला येतो” म्हणायचं, आणि गुरुवारी जायचं. नाही गेलात तर न विचारलेलं बरं होतं.

गुप्ततेबद्दल वाद होतील, होऊ द्या. “कुणाला सांगणार नाही” असं वचन द्यायचं नाही. “तुझ्या जिवाला धोका वाटला तर एकाला सांगेन, कुणाला ते तू सांग” हे म्हणायचं. आणि पारावर एक अक्षर नाही. आमच्या एका गटातून मी एकाला याच कारणासाठी काढलं होतं. गावात त्यावरून थोडी बोलाचाली झाली, पण बाकीच्यांवरचा विश्वास टिकला.

खोलीत बसल्यावर पहिलं वाक्य कोणतं म्हणायचं तेही सांगते, कारण मी ते पूर्वी म्हणत नसे. पंचवीस माणसांत कुणाच्या तरी घरी हे घडलेलं असतं, कुणीतरी स्वतः त्या काठावरून परत आलेलं असतं. “इथे कुणाला जड वाटलं तर उठून बाहेर जा, आमच्यातली एक जण मागे येईल, कुणी काही विचारणार नाही.” मग खरोखरच एक जण दाराशी बसवा. त्या दोन घरांतल्या कुणालाही व्यासपीठावर, फोटोत, सत्कारात आणू नका. त्यांच्याकडे जा, पण तेराव्यानंतर सगळे यायचे थांबतात तेव्हा. पहिल्या वर्षश्राद्धाच्या आधीचा पंधरवडा वाईट जातो, तारीख लिहून ठेवा. गेल्यावर “असं कसं केलं हो” नको. त्या मुलीचं नाव घ्या, तिची एखादी आठवण असेल तर सांगा. घरचे तिचं नाव ऐकायला तरसलेले असतात, लोक मात्र घाबरून घेत नाहीत.

शिकलेलं सहा-आठ महिन्यांत विरतं, तो ‘ना’ परत येतो. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा अर्धा दिवस बसा. तुमच्याकडे फळछाटणीची गर्दी संपल्यावर नाहीतर एप्रिलच्या खरड छाटणीच्या आधी जमेल असं वाटतं. त्या बैठकीत व्याख्यान नको. कोण कुणाला भेटलं, नाव न घेता, काय विचारलं, कुठे जीभ अडखळली, एवढंच.

राहिलं प्रमाणपत्र. द्या की, माणसांना आवडतं, पिग्मीवाल्याने तर लॅमिनेशन करून गल्ल्यावर लावलंय. फक्त पहिल्या दिवशी देऊ नका. तीन महिन्यांनी जो वही घेऊन परत येईल त्याला द्या.